घाटी

'घाटी' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो आमच्या आजोबांच्या तोंडून. तेव्हा त्यात कुणाला कमी लेखायचं काही नव्हतं. आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. कुंभार्ली घाट उतरला की खाली चिपळूण. आजोबांच्या उमेदीच्या काळात गावची माणसं बैलाच्या पाठीवर, नाहीतर आपल्याच डोक्यावर ओझी घेऊन घाट उतरायची. गूळ, मिरची, घेवडा, तूप खाली न्यायचं आणि मीठ, सुकी मासळी, नारळ वर आणायचे. चिपळूणच्या दुकानदाराच्या उधारीच्या वहीत एकाच नावाची दोन माणसं असली, तर एकाच्या नावापुढं तो 'घाटी' असं लिहायचा. म्हणजे हा घाटावरचा, तो इथला. आजोबा सांगायचे, "आपल्याला तिथं घाटी म्हणत्यात." वरच्या आळीचा, खालच्या आळीचा म्हणतात ना, तशातलाच तो शब्द. ना राग, ना लाज.

मी 1976 साली दहावी झालो आणि दुसऱ्या वर्षी मुंबईला गेलो. घाटकोपरच्या डोंगराच्या अंगाला आमच्या गावच्या माणसांची एक खोली होती. गावकीची खोली म्हणायचे तिला. दहा बाय बाराची खोली आणि माणसं चौदा. दिवसपाळीवाले उठले की रातपाळीवाले त्याच वाकळंवर पडायचे. मला मुलुंडला आग्रा रोडवरच्या एका गोदामात हमालीचं काम लागलं. आता त्या रस्त्याला लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणतात.

पहिल्याच आठवड्यात गोदामाच्या ह्या टोकावरून त्या टोकाच्या गड्याला मी हाळी दिली. रानात देतो तशी. आतनं कारकून बाहेर आला आणि म्हणाला, "ए घाटी, हे काय तुझं रान आहे का?" दुपारी भाकरी खाताना कांदा बुक्कीनं फोडला, तर तोच माणूस शेजारच्याला म्हणाला, "बघ, घाटी ते घाटीच." कारकून मराठीच होता. चिपळूणच्या वहीत हा शब्द माणूस कुठला ते सांगत होता. मुलुंडच्या गोदामात तो माणूस कसा ते सांगायला लागला होता.

पत्ता सांगणारा शब्द वागणूक सांगणारा कसा झाला, ह्याचा मी पुढं बरीच वर्षं माग काढत राहिलो. शिक्षण दहावीपर्यंतच, पण वाचायची आवड होती आणि विचारायची लाज नव्हती. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडतो.

आधी शब्दच बघू. घाट म्हणजे डोंगर चढायची-उतरायची वाट. घाटी म्हणजे लहान घाट, खिंड. हिंदीत घाटी म्हणजे डोंगरामधलं खोरं. हळदीघाटी आपण शाळेत शिकलो ती हीच. छत्रपती संभाजीनगरात सरकारी मोठ्या दवाखान्याला सगळा मराठवाडा 'घाटी' म्हणतो. तिथं "आईला घाटीत ॲडमिट केलंय" असं सांगताना कुणाची मान खाली जात नाही. म्हणजे शब्दाच्या अंगात खोट नाही. खोट आली ती वाटेवरच्या माणसाला तो चिकटला तेव्हा.

सह्याद्रीची भिंत उत्तर-दक्षिण उभी आहे. तिच्या पश्चिमेला कोकण आणि मुंबई, पूर्वेला देश. ह्या भिंतीतनं वाटा आहेत त्या घाटांच्या, आणि त्या फार जुन्या. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळातला शिलालेख आहे, आणि जकातीचं म्हणून दाखवतात ते दगडी रांजणही आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपासून वरचा माणूस खाली माल आणतोय आणि जकात भरून उतरतोय. खालच्यांनी त्याला घाटावरचा म्हटलं, घाटी म्हटलं, ह्यात नवल नाही. गोव्यातही घाट ओलांडून आलेल्याला घाटी म्हणायची रीत आहे. ज्या वाटेनं पाहुणा आला त्या वाटेचं नाव त्याला पडलं.

पण जुना घाटी माल विकून परत जात होता. त्याचं घर, त्याचं रान, त्याची पत वर होती. एकोणिसाव्या शतकात हे बदललं. 1830 साली बोरघाटातनं गाडीरस्ता झाला. 1856 साली मुंबईत पहिली कापडगिरणी सुरू झाली. 1863 साली बोरघाटातली रेल्वे पुरी झाली आणि पुणं-मुंबई जोडली गेली. दोन वर्षांनी थळघाटातनंही गाडी वर गेली. ते बोगदे आणि ते पूल बांधताना पटकीनं, तापानं, सुरुंगानं हजारो मजूर मेले. मग 1876 ते 1878 चा मोठा दुष्काळ पडला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर भागातली जनावरं मेली, माणसं मेली, आणि उरलेली रेल्वेनं, नाहीतर पायी, घाट उतरली. ह्या माणसांकडं विकायला माल नव्हता. अंग होतं, तेच त्यांनी विकलं.

गिरण्यांत कोकणची, रत्नागिरीकडची माणसं मोठ्या संख्येनं होती. घाटावरचीही होती. पण ज्याला ओळख नाही, साचा चालवता येत नाही, त्याच्या वाट्याला गोदी, कोळसा, दाणाबंदर, मालधक्का असली ओझ्याची कामं आली. पाठीवर पोतं, डोक्याला मुंडासं, कमरेला गुडघ्यापर्यंतचं धोतर, पायात जाड वहाणा, अंगाला घाम. शहरानं आमचा माणूस बघितला तो असा. त्याचं गाव, त्याची विहीर, त्याच्या घरचा पोळा, त्याच्या आईनं पाठ केलेले अभंग शहराला दिसायचं कारणच नव्हतं. दिसत होती पाठ आणि पाठीवरचं पोतं.

तिथंच शब्दाचं पहिलं वळण झालं. 'घाटी' म्हणजे घाटावरचा, हे 'घाटी' म्हणजे हमाल झालं. मुंबईच्या गुजराती घरांत तर घाटी म्हणजे घरगडी असाच अर्थ होऊन बसला. भांडी घासणारा, पाणी भरणारा, पोरांना शाळेत पोचवणारा. "आमचा घाटी सुट्टीवर गेलाय" असं घाटकोपरला मी कितीदा तरी ऐकलं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसायचं. शिंप्याला शिंपी म्हणावं तसं ते म्हणत. पण कामाचं नाव आणि मुलखाचं नाव एक झालं की त्या मुलखातल्या सगळ्यांची किंमत त्या कामाच्या पगाराइतकीच धरली जाते. त्याच मुलखातला माणूस उद्या वकील होऊन आला तरी आधी त्याच्याकडं चाकरीच्या मापानं बघितलं जातं.

दुसरं वळण त्याच्या पुढं. काम हलकं मानलं गेलं, मग काम करणाऱ्याची रीत हलकी ठरली. 'घाटी' म्हणजे मोठ्यानं बोलणारा. कसंही बसणारा, भुरके मारत कालवण खाणारा, रांगेत घुसणारा, भडक कपडे घालणारा, ज्याला वागायचं कळत नाही असा. मग शब्दाला शेपूट फुटलं, 'घाटीपणा'. आता मुलुख कुठल्या कुठं गेला. ज्याचे सात पिढ्यांचे पूर्वज घाट चढले नाहीत, त्यानंही काही आचरटपणा केला तर त्याला 'घाटीपणा करू नको' म्हणायची सोय झाली.

ह्यात उपनगरांची गोष्ट मला फार विचार करायला लावते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सगळी साष्टी बेटावरची गावं. भातखाचरं, ताडाची झाडं, मिठागरं, विहिरी. कोळी, आगरी, कुणबी, वारली आणि मराठी बोलणारे ईस्ट इंडियन ख्रिस्ती असे इथले मूळचे लोक. अंधेरी आणि घाटकोपर मुंबईच्या हद्दीत आले ते 1950 साली. बोरिवली आणि मुलुंड तर 1957 साली. त्याआधी बोरिवलीचा माणूस कोर्टाला, साहेबाला भेटायला ठाण्याला जायचा. मी घाटकोपरला गेलो तेव्हा ह्या गावांना शहर होऊन पुरती तीस वर्षंही झाली नव्हती. नकाशावर आजही तिथं 'गावठाण' लिहिलेलं आहे. कोटाच्या आतल्या जुन्या मुंबईकराच्या लेखी हे सगळे खेडवळच होते. आणि ह्याच खेडवळ ठरलेल्या गावांत, नवी इमारत उभी राहिली की पहिल्या मजल्यावरचा माणूस तळमजल्यावरच्याला घाटी म्हणायचा. दोघांचेही आजे शेतात चिखल तुडवत होते.

अर्थात ही खोड एका बाजूची नाही, हेही लिहिलं पाहिजे. घाटावरच्या गावांत 'कोकण्या' हा शब्द काही कौतुकानं वापरला जात नव्हता. चिक्कू माणूस दिसला की आमच्याकडं त्याला कोकणात ढकलून द्यायचे. मुंबईच्या चाळींत घाटी-कोकणी म्हणून एकमेकांना डिवचणं रोजचं होतं. पाणी भरताना भांडायचे आणि गणपतीत एकाच मांडवात नाचायचे. बरोबरीच्या माणसांत असली देवघेव चालते. त्यानं म्हटलं, मी म्हटलं, फिटलं. पण जिथं एकाच्या हातात हजेरीपट असतो आणि दुसऱ्याच्या पाठीवर पोतं असतं, तिथं शब्द परत करता येत नाही. गोदामातल्या कारकुनाला उलट काय म्हणायचं, ह्याला आमच्या खोलीतल्या चौदा जणांपैकी एकाकडंही उत्तर नव्हतं.

आता ज्या रीतींना 'घाटीपणा' म्हणतात त्या जरा उलटून बघू. एकेका रीतीला कारण आहे.

मोठ्यानं बोलणं घ्या. आमच्याकडं एक माणूस ह्या टेकाडावर, दुसरा ओढ्यापल्याड. मध्ये वारा. बैल हाकताना, मोट धरताना, जनावर चुकलं तर, हाळी द्यावी लागते. हळू बोलला तर काम होत नाही. लहानपणापासून गळा त्या मापाचा होतो. तो माणूस दहा बाय बाराच्या खोलीत आला म्हणजे गळा लगेच लहान होत नाही. त्यात उर्मटपणा शोधणं म्हणजे सुताराच्या हाताला घट्टे पडले म्हणून त्याला खडबडीत मनाचा म्हणण्यासारखं आहे.

कांदा बुक्कीनं फोडणं घ्या. रानात विळी नसते. चाकू बाळगला तर तो हरवतो. कांदा दगडावर ठेवून बुक्की मारली की तो पाकळीपाकळीनं मोकळा होतो आणि त्याचा झणका थोडा निघून जातो. आता मोठ्या हॉटेलांत 'बुक्कीचा कांदा' म्हणून तोच बशीत घालून आणतात.

उकिडवं बसणं घ्या. शेतात निंदणी, खुरपणी, भात लावणी उकिडवं नाहीतर वाकूनच होते. ओल्या जमिनीवर बूड टेकता येत नाही. ती बसायची सवय स्टेशनच्या फलाटावर तशीच येते. अनोळख्याला "कुठलं गाव?" असं विचारणं घ्या. शहरात ते चौकशीखोरपणाचं मानतात. आमच्याकडं वाटेवरच्या माणसाला गाव न विचारणं म्हणजे त्याला जनावरासारखं जाऊ देणं. गाव विचारायचं, मग पाणी विचारायचं.

ह्यातली एकही गोष्ट कुणाचं वाईट करत नाही. तरी त्या वाईट वागणुकीच्या खात्यात पडल्या, कारण त्या गरीब आणि राबणाऱ्या माणसाच्या होत्या.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक आहेत, संस्कृत आणि इंग्रजी दोन्ही शिकवलेले. त्यांच्याशी मी हे बोललो, तर ते हसले आणि म्हणाले, "हे तुमच्याच वाट्याला आलंय असं समजू नका. ही जगाची रीत आहे." त्यांनी सांगितलेलं मला फार उपयोगी पडलं. संस्कृतात काव्याचे दोष सांगताना 'ग्राम्य' हा एक दोष सांगतात. ग्राम्य म्हणजे गावचा. आणि सभ्य, रसिक माणसाला 'नागरक' म्हणायचे, म्हणजे नगरातला. इंग्रजीत सिनेमातल्या दुष्टाला व्हिलन म्हणतात. तो शब्द मुळात जमीनदाराच्या शेतवाडीवर राबणाऱ्या कुळाचा. उद्धट, अडाणी माणसाला इंग्रजीत 'बूर' म्हणतात. तो शब्द आणि दक्षिण आफ्रिकेतले 'बोअर' एकाच घरातले, आणि बोअर म्हणजे डच भाषेत शेतकरी. हिंदीतला 'गँवार' गावातनंच निघाला. आणि आपल्या मराठीत 'गावंढळ' आहेच.

म्हणजे बघा, जगात जिथं जिथं शहर वसलं, तिथं तिथं त्यानं धान्य पिकवणाऱ्याच्या नावाची शिवी केली. युरोपातल्या शेतकऱ्याला त्याच्या धन्यानं जे केलं तेच आमच्या माणसाला मुंबईनं केलं. हे कळलं तेव्हा माझा राग थोडा निवला. एका कारकुनाचा तो दोष नव्हता. त्याच्याही तोंडात तो शब्द कुणीतरी घातलेला होता.

पण राग निवला तरी हिशोब मांडायचा राहतो. घाटावरनं मुंबईत काय काय उतरलं, ते एकदा लिहून ठेवलं पाहिजे.

वीज उतरली. लोणावळ्याच्या बाजूला पाणी अडवून ते घाटाखाली खोपोलीला पाडून टाटांनी 1915 साली वीज केली, ती मुंबईच्या गिरण्यांना. मग मुळशीचं धरण आलं. तिथल्या मावळी शेतकऱ्यांनी 1921 साली सेनापती बापटांच्या बरोबर सत्याग्रह केला. धरण झालंच, गावं पाण्याखाली गेलीच. आमच्या कोयनेचं धरण 1964 साली पुरं झालं. नदी पूर्वेला वाहणारी, तिचं पाणी डोंगराच्या पोटातनं पश्चिमेला पोफळीच्या वीजघरावर सोडलं. आमच्या खोऱ्यातली गावंच्या गावं उठली. माणसं कुठं कुठं पांगली. ज्यांची घरं गेली त्यांतलेच कितीक जण घाट उतरून मुंबईला गेले. त्यांच्या नदीची वीज त्यांच्या आधी खाली पोचली होती.

डबे पोचवणारी माणसं उतरली. मुंबईचे डबेवाले बहुतेक सगळे राजगुरुनगर, आंबेगाव, जुन्नर, मावळ ह्या भागातले. महादू हावजी बच्चे यांनी 1890 साली हे काम चालू केलं. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या घरातनं डबा उचलायचा, लोकलनं नेऊन कोटातल्या हपिसात साहेबाच्या टेबलावर ठेवायचा, आणि रिकामा परत आणायचा. त्यांची पांढरी टोपी हीच घाटीपणाची खूण होती. 2003 साली इंग्लंडचे युवराज चार्ल्स त्यांना भेटायला चर्चगेटला आले. मग त्याच टोपीबरोबर फोटो काढायला रांग लागली.

पुस्तकं उतरली. अण्णाभाऊ साठे वाटेगावचे. तेव्हाचा सातारा जिल्हा, आताचा सांगली. लहानपणी ते बापाबरोबर गावाहून पायी चालत मुंबईला आले. शाळा दीड दिवसाची. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहून त्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्या 'फकिरा'ला राज्य सरकारचं बक्षीस मिळालं, ते रशियाला जाऊन आले. आमच्या खोलीपासून चिरागनगर लांब नव्हतं. मी गेलो तेव्हा त्यांना जाऊन आठ वर्षं झाली होती, पण त्यांना बघितलेली माणसं चहाच्या टपरीवर भेटायची. "हितनंच जायाचे," असं सांगायची.

कायदासुद्धा उतरला. अण्णासाहेब पाटील आमच्या पाटण तालुक्यातले. त्यांनी मुंबईत डोक्यावर ओझी वाहिली आणि ओझी वाहणाऱ्यांना एकत्र केलं. 1969 साली माथाडी कायदा झाला. त्याआधी हमालाची हजेरी नाही, फंड नाही, पाय मोडला तर घरी जा. कायद्यानं माथाडी बोर्ड आलं, पगार बोर्डातनं मिळू लागला, फंड, रजा, औषधपाणी आलं. आणि मला सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट म्हणजे नाव आलं. त्याआधी दाणाबंदरावर माणसाला "ए घाटी" म्हणून बोलावायचे. आता कागदावर 'माथाडी कामगार' लिहिलं गेलं. माथाडी म्हणजे माथ्यावर ओझं वाहणारा. काम तेच, माणसं तीच. पण हा शब्द काय काम करतो ते सांगत होता आणि त्या कामाला हक्क जोडून देत होता. ज्या शब्दामागं कायदा उभा असतो, तो शब्द कुणी सहज तोंडावर फेकत नाही. अण्णासाहेबांनी मार्च 1982 मध्ये मुंबईत मराठा समाजाच्या मागण्यांसाठी मोर्चा काढला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा जीव दिला. आमच्या खोऱ्यात त्या दिवशी कुठं चूल पेटली नाही.

अजून एक शब्द आहे आणि तो ह्या हिशोबात धरलाच पाहिजे. मावळा. बारा मावळ म्हणजे सह्याद्रीच्या पूर्व अंगाची खोरी. तिथला माणूस तो मावळा. काटक, उघड्या पायानं घाट चढणारा, नाचणीची भाकरी आणि कांदा खाणारा, मोठ्यानं हाळी देणारा. आज उपनगरांतल्या कितीतरी गाड्यांच्या मागच्या काचेवर 'मावळा' लिहिलेलं असतं. शिवजयंतीला पोरं डोक्याला फेटा बांधून मिरवतात. चांगली गोष्ट आहे. पण हाच मावळ्याचा पणतू पिशवी घेऊन लोकलच्या डब्यात चढला आणि "सरका की जरा" म्हणाला, की त्याला घाटी म्हणतात. मुलूख तोच, माणूस तोच. इतिहासात असला तर मावळा आणि शेजारी उभा राहिला तर घाटी.

मसाल्याचंही तसंच. मुंबईच्या दुकानात 'घाटी मसाला' असं पाकिटावर छापून विकतात. झणझणीत, अस्सल. गिऱ्हाईक मुद्दाम विचारून नेतं. 2002 साली पुण्याचा द्रुतगती मार्ग झाल्यापासून शनिवार-रविवारी उपनगरं रिकामी होऊन घाट चढतात. घाटावर हुरडा खातात, चुलीवरची भाकरी खातात, गावठी कोंबडीला दुप्पट पैसे मोजतात. घाटातली चीज महाग झाली. घाटातला माणूस आहे त्याच भावाला आहे.

आता तुम्ही म्हणाल, एवढं मनावर घ्यायचं काय? पोरं तर हल्ली कशालाही घाटी म्हणतात. शर्ट घाटी, गाणं घाटी, मोबाइलची रिंगटोन घाटी. शब्द झिजला, धार गेली. मलाही तसं वाटत होतं. पण माझ्या चुलतीचं बघितलं आणि मत बदललं.

माझे चुलते वारल्यावर चुलतभावानं चुलतीला बोरिवलीला नेलं. पूर्वेला चांगली दोन खोल्यांची जागा, लिफ्ट, सोसायटी. मुलगा-सून दोघं गुणी. चुलती म्हणजे गावात जात्यावरच्या ओव्यांची पेटीच. लग्नात हळदीला तिला बोलावणं असायचंच. बोलायची ती खणखणीत. बोरिवलीला तिनं पहिल्या महिन्यात गॅलरीतनं खालच्या भाजीवालीला हाक मारली. समोरच्या गॅलरीतनं कुणीतरी "काय घाटी लोक आलेत" असं म्हणालं. म्हणणारंही मराठीच. ते घरातल्या नातवानं ऐकलं. नातू तेव्हा सातवीत. तो काही वाईट पोरगा नाही, पण त्याच्या मित्रांची घरं त्याच जिन्यात. तो आजीला म्हणाला, "आजी, तू हळू बोलत जा ना, आपल्याला घाटी म्हणतात."

चुलती हळू बोलायला लागली. मग कमी बोलायला लागली. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसायची. मी दोन वर्षांनी गेलो तेव्हा जेवताना तिनं मला एकही प्रश्न विचारला नाही. पाऊस किती झाला, म्हैस व्याली का, कुणाच्या पोरीचं जमलं, काही नाही. सून भाजी आणायला खाली गेली, दार लागलं, तेव्हा ती माझ्याजवळ सरकली आणि पुटपुटल्यासारखं म्हणाली, "आता बोल. आता कुणी न्हाय."

सत्तर वर्षं जो गळा शिवारभर ऐकू जात होता, त्याला दार लागायची वाट बघावी लागली. शब्द झिजला असेल, पण काम करायचा तो थांबलेला नव्हता. तिच्या ओव्या त्या नातवाला कधी ऐकायला मिळाल्या नाहीत. ती वारल्यावर त्यानंच मला विचारलं, "काका, आजी गाणी म्हणायची म्हणे. तुमच्याकडं लिहिलेली आहेत का?" माझ्याकडं पंधरा-वीस आहेत, ती मी त्याला लिहून पाठवली. बाकीची गेली.

म्हणून ह्या शब्दाचा वापर नीट कळावा असं मला वाटतं. वाईट वागणुकीला वाईट म्हणू नये असं माझं म्हणणं नाही. रस्त्यात थुंकणारा, बाईमाणसाला धक्का मारणारा, रांग मोडणारा, रात्री बारा वाजता भोंगा लावणारा, ह्यांना बोललंच पाहिजे. मग ते घाटावरचे असोत, नाहीतर मलबार हिलवरचे. आणि त्यासाठी मराठीत शब्दांचा तोटा आहे का? वरिष्ठांशी नीट बोलत नाही तो उद्धट. पैशाच्या किंवा ताकदीच्या जोरावर ऐकत नाही तो मुजोर. न विचारता मध्ये तोंड घालतो तो आगाऊ. कामधंदा सोडून हिंडतो तो उनाड, टोळीनं दुसऱ्याला छळतो तो टारगट. बाईच्या वाटेला जातो तो चावट, आणि त्याच्याही पुढचा नालायक. लाज सोडलेला निलाजरा. अंगात मस्ती असलेलं पोरगं वांड. एकेका शब्दात एकेक वागणं ठोकून बसवलेलं आहे. उद्धट म्हटलं की समोरच्याला कळतं, आपलं काय चुकलं. तो सुधारायचा तर सुधारू शकतो.

घाटी म्हटलं की काय चुकलं ते कळत नाही. फक्त कुठनं आला ते कळतं. आणि माणूस उर्मटपणा सोडू शकतो, थुंकायचं सोडू शकतो, पण आपण ज्या घाटानं उतरलो तो घाट कसा सोडणार? सुधारायला वाटच नसते. मग एकच इलाज उरतो, बोलणं सोडणं. चुलतीनं तोच केला.

आमच्या गावची आता निम्मी घरं अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड ह्या पट्ट्यात आहेत. यात्रेला सगळी येतात. पोरं इंग्रजी शाळेत जाणारी, चांगल्या नोकरीतली. त्यांना मी हे सगळं सांगतो. सांगतो की कुणी घाटी म्हटलं तर भांडू नका, मान पण खाली घालू नका. सरळ विचारा, "कुठल्या घाटाचं विचारताय? आमचा कुंभार्ली. तुमचा कुठला?" बहुतेक वेळा विचारणाऱ्याचाही कुठला ना कुठला घाट निघतो. बोर, माळशेज, खंबाटकी, आंबा, फोंडा. मग बोलणं गावावर येतं, आणि गावावर आलं की चहावर येतं.